मागील आठवड्याप्रमाणे

यादीतला एक्केचाळिसावा फोन कुणीतरी उचलला, तेव्हा नोंदबाईचा शेरा लिहून जवळजवळ झाला होता. नव्या तिमाहीचा तक्ता आजच सुरू झाला म्हणून शेरा पुन्हा पुरा लिहायचा होता; ‘मागील आठवड्या’ एवढं उतरलं होतं, ‘प्रमाणे’ राहिलं होतं. तिसरी घंटा झाली की रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात धरायचा, हात मोकळा करायचा आणि चौथी संपेपर्यंत शेरा पुरा करून पुढच्या नंबरवर बोट ठेवायचं, ही तिची अलीकडची सवय. छप्पन्न ठिकाणं होती. पाणी खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून, दर सोमवारी ती छप्पन्न ठिकाणी फोन करायची आणि छप्पन्न माणसांना एकच प्रश्न विचारायची, की विहिरीत पाणी किती. आलेला आकडा तक्त्यात, तक्ता शेजारच्या टेबलावर. त्या टेबलावरचा माणूस आकड्यांवरून नकाशात रंग भरायचा, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. म्हणून सगळे त्याला रंगारी म्हणत आणि तिला नोंदबाई. मंगळवारी साहेबांची सही, बुधवारी पाणीस्थितीचं पत्रक बाहेर. नारिंगीला टँकर जायचा. पिवळ्यानं जपून वापरायचं. अकरा वर्षं हेच चाललं होतं आणि अकरा वर्षांत या कामाची तिला कधी भीती वाटली नव्हती.

“हॅलो.” पलीकडे बाईचा आवाज होता, धावत आल्यासारखा.

ती गोंधळली. तोंडात बसलेलं वाक्य ऐन वेळी सापडेना. “पाणी खात्यातून बोलतेय. पंपवाले आहेत का?”

“काय काम होतं?”

“विहिरीची पातळी विचारायची होती.”

“तुम्ही त्या सोमवारच्या बाई का?”

“हो. सोमवारी मीच करते.”

“मी त्यांची बायको. कपडे आणि कागद न्यायला आले होते, घंटा ऐकली. आता विचारताय तुम्ही?” हे तिनं आवाज न चढवता विचारलं, आणि उत्तराची वाटही पाहिली नाही. “पातळी लिहायचीय ना? लिहा, शून्य. शून्याच्या खाली लिहायची काही सोय असली तर तीही वापरा.”

“पंपवाले कुठं आहेत?”

“तुमच्याच शहरात. मोठ्या दवाखान्यात, हाडांच्या वॉर्डात. बारा दिवस झाले. विहिरीचा तळ खणायला उतरले होते, शिडीची पायरी निसटली. पाणी असतं तर नुसते भिजले असते.” मग, “वस्तीत कुणी नाही. चौतीस घरं आहेत, चौतीस कुलपं आहेत. आता फोन करत जाऊ नका, उगाच वाजत राहतो.”

रिसीव्हर तिनं जागेवर ठेवला नसावा. चपलांचा आवाज लांब गेला, कडी वाजली, मग वाऱ्यावर हलणारा कुठलासा पत्रा. नोंदबाई ऐकत राहिली. काहीतरी कमी होतं त्या आवाजात, आणि काय कमी आहे ते तिला लगेच कळलं नाही. पंप. नऊ वर्षं या नंबरवर पंपवाल्याच्या बोलण्यामागे पंपाची धडधड असायची, इतकी की तो ओरडूनच बोलायचा आणि तीही नकळत ओरडायची, आणि रंगारी कानावर हात ठेवून म्हणायचा, एक्केचाळीस नंबर लागला वाटतं. बाकीचे पंचावन्न जण आकडा तयार ठेवत. हा एकटा असा होता की फोन आला की म्हणायचा, “थांबा, बघून सांगतो. शिळं सांगत नाही.” आणि रिसीव्हर टेबलावर टाकून जायचा. मग दोन मिनिटं, कधी तीन मिनिटं, नुसती धडधड. तो गाठी मारलेला दोर विहिरीत सोडायचा, ओल्या गाठी मोजायचा आणि परत येऊन हातांत सांगायचा, सहा हात, पावणेसहा हात. पाव हातसुद्धा सोडायचा नाही. तिला त्या तीन मिनिटांचा राग यायचा. काल मोजलंत तर चालेल की, असं ती एकदा म्हणाली होती. “तुम्हाला चालेल हो,” तो म्हणाला होता, “विहिरीला चालत नाही.” ती हसली होती, फोन ठेवल्यावर रंगाऱ्याला नक्कल करून दाखवली होती. ती नक्कल आता तिला आठवली, मान कशी हलवली होती तेही आठवलं, आणि कानशिलं एकदम तापली.

तिनं कपाटातून फाइल काढली. काय दिसणार आहे ते ठाऊक असूनही काढली. आठ आठवड्यांपूर्वीचा तक्ता, ओळ एक्केचाळीस: साडेचार हात. चाराच्या खाली गेलं की नारिंगी, म्हणजे पिवळ्यातला शेवटचा अर्धा हात. पुढच्या सोमवारी: मागील आठवड्याप्रमाणे. अक्षर सुवाच्य, शाळेतल्या बाईंनी शाबासकी द्यावी असं. त्याच्या पुढच्या सोमवारी तेच, जरा तिरकं. तिसऱ्या सोमवारी ‘मा. आ. प्रमाणे’. चौथ्या आणि पाचव्या सोमवारी ‘मा. आ. प्र.’ सहाव्या आणि सातव्या सोमवारी तेवढंही नाही, नुसती ‘तसंच’ म्हणायची खूण, दोन बारीक रेघा. सात आठवडे. त्या दोन रेघांच्या पलीकडे चौतीस घरांतली माणसं आळीपाळीनं विहिरीचा तळ खणत होती. पेन किती टेकवावं लागलं असेल त्या दोन रेघांना? शिंक यायलासुद्धा जास्त वेळ लागतो.

आणि तो शेरा तिचाच होता. साहेबांनी, खात्यानं, वरच्या कुणी तिच्यावर लादलेला नव्हता. तीन वर्षांपूर्वी बैठक होती, संगणक रिकामा रकाना घेत नाही म्हणून सगळे अडून बसले होते, फोन लागला नाही तर लिहायचं काय. कुणी म्हणालं शून्य लिहा, कुणी म्हणालं अंदाजे लिहा. तेव्हा टेबलाच्या टोकाशी बसलेली ती, जिला कुणी विचारलंही नव्हतं, म्हणाली होती, “मागील आठवड्याप्रमाणे, असं लिहिलं तर?” साहेब पेन खाली ठेवून म्हणाले होते, “वा. हे सोपं आहे आणि खोटंही नाही.” त्या दिवशी ती घरी जाताना वाटेत आईसाठी मिठाई घेऊन गेली होती. खोटंही नाही. ती ते वाक्य मनात फिरवत राहिली. खोटं नव्हतंच. पाण्याबद्दलचं एक वाक्य, ज्यात पाणी सोडून सगळं होतं.

आणि फोन का उचलला जात नव्हता? हा प्रश्न सात आठवड्यांत तिला एकदाही पडला नव्हता, आणि उत्तर तर समोर पडलेलं होतं. पंपघरात माणूस असतो कारण पंप चालू असतो. पंप चालू असतो कारण विहिरीत पाणी असतं. उपसायला काही उरलं नाही म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून पंपघराला कडी, कडी म्हणून घंटा वाजत राहणार. ती वाजत राहणारी घंटा हाच त्या आठवड्याचा आकडा होता. दर सोमवारी तो तिच्या कानात चार वेळा सांगितला जात होता आणि ती तो ऐकत असतानाच साडेचार लिहीत होती.

“काय झालं?” रंगाऱ्यानं विचारलं. तिनं सांगितलं. सांगताना आवाज सपाट राहिला याचंच तिला आश्चर्य वाटलं. रंगाऱ्यानं चष्मा काढून पुसला, तो पुसला की समजायचं याला बोलायचं नाहीये. मग म्हणाला, “वाईट झालं. पण तू कशाला जिवाला लावून घेतेस? नियमच आहे तो. मी तरी काय, तू देशील तो रंग भरतो.” त्यानं हे मायेनं म्हटलं होतं. तिला मात्र वाटलं, कुणीतरी ओलं फडकं तोंडावर टाकलं.

साहेबांच्या खोलीत गारवा होता. टेबलावर झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास, तो रोज सकाळी भरला जायचा आणि संध्याकाळी कुंडीत ओतला जायचा, कारण साहेब घरून बाटली आणत. गोळी चघळत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते कधी ओरडत नसत. खात्यात त्यांचं नाव चांगलं होतं.

“आजपासून लाल करा ती वस्ती,” ते म्हणाले. “लगेच करा.”

“वस्तीत कुणी राहिलेलं नाही साहेब. टँकर कुणाला देणार?”

“नोंद तर बरोबर होईल.”

“मागचे सात आठवडे?”

“मागचं पत्रक गेलं. गेलेल्या पत्रकात हात घातला तर उद्या प्रत्येक जण विचारेल, आमचं बरोबर कशावरून. बाकीच्या पंचावन्न ठिकाणांवर संशय येईल. आणि फोन लागला नाही, ही तांत्रिक बाब आहे.”

“लागत होता. उचलला जात नव्हता.”

“तेच ते.”

“तेच ते नाही.” हे आपण बोललो हे तिला साहेबांची गोळी चघळायची थांबली तेव्हा कळलं. “आणि त्या पंचावन्नांत आणखी नऊ ठिकाणी मी हाच शेरा मारलाय. आत्ता मोजून आलेय.”

साहेब आवाज आणखी मऊ करून म्हणाले, “तुम्ही दमलाय. आईचं ऑपरेशन, धावपळ, सगळं बघतोय मी. दोन दिवस रजा घ्या. तुमची यात काहीही चूक नाही.”

रजेचा अर्ज न लिहिता ती टेबलाशी परत आली आणि त्या नऊ ठिकाणी फोन करायला बसली. या वेळी घंटा मोजल्या नाहीत, वाजू दिल्या. खिडकीखाली माळी नळी धरून ऑफिससमोरची हिरवळ भिजवत होता. ती भिजत असताना एका ठिकाणी कितव्या तरी घंटेला एका म्हातारीनं फोन उचलला आणि पाणी किती विचारल्यावर म्हणाली, पोरं आणायला गेलीत, आली की सांगते. दुसऱ्या ठिकाणी दीड हात. तिसऱ्या ठिकाणी एका माणसानं विचारलं, तुम्ही खरंच खात्यातून बोलताय का, आणि मग आकडा सांगायच्या आधी पोटभर शिव्या दिल्या. तिनं सगळ्या ऐकून घेतल्या. दुपारपासून पहिल्यांदा कुणीतरी तिच्याशी सरळ बोलत होतं. उरलेल्या सहा ठिकाणी घंटा वाजत राहिली. त्या सहाही ओळींत तिनं ‘उत्तर नाही. माणूस पाठवा’ असं लिहिलं आणि तक्ता रंगाऱ्यापुढे ठेवला. “हे घेणार नाही संगणक,” रंगारी म्हणाला. “मग लाल भर,” ती म्हणाली. “सहाही?” “सहाही.” त्यानं चष्मा काढला, पुसला नाही, आणि लाल भरला. मग ती उठली, खाली गेली आणि नळीच्या तोंडावर पाय ठेवून माळ्याला म्हणाली, “बंद कर.” तो बिचारा म्हणाला, “साहेबांनीच सांगितलंय.” तिच्या चपलेत पाणी शिरलं, गार, छान वाटलं, आणि छान वाटल्याचाच तिला इतका संताप आला की ती तशीच पचपच वाजणाऱ्या चपलेनं घरापर्यंत चालत गेली.

घरी आई डोळ्यावर हिरवं फडकं बांधून बसली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ आठवडे होत आले होते, टाके नीट बसले नव्हते म्हणून दर सोमवारी सकाळी तपासायला न्यावं लागायचं. त्यामुळेच फोनचं काम सकाळचं दुपारी गेलं होतं, छप्पन्न फोन अर्ध्या दिवसात बसवायचे म्हणून चार घंटांचा नियम आला होता. आज सकाळीसुद्धा ती आईला घेऊन त्याच मोठ्या दवाखान्यात होती, डोळ्यांच्या विभागात, पहिल्या मजल्यावर. हाडांचा वॉर्ड त्याच इमारतीत आहे. आईला ती रोज काही ना काही ऑफिसातलं सांगायची, आजही सांगितलं, फक्त सकाळ आणि दुपार यांचा संबंध सांगितला नाही. आई म्हणाली, “अगं, तू काय त्यांच्या विहिरी आटवायला गेली होतीस? पाऊस नाही पडला त्याला तू काय करणार? जेव आधी.” हा आईचा स्वभावच. मागे, ती नऊ-दहा वर्षांची असताना, गच्चीवरची टाकी बघून यायचं काम तिच्याकडे होतं. झाकण उघडायचं, काठी बुडवायची, किती ओली झाली ते सांगायचं. एका दुपारी फरशी तापली होती म्हणून ती जिन्याच्या वळणावरच थांबली, शंभर मोजले आणि खाली येऊन म्हणाली, अर्धी आहे. त्या संध्याकाळी काकांचं बिऱ्हाड आलं, लहान भावाला जुलाब होत होते, आणि साडेसहाला नळातून नुसती फुसफुस आली. वडील काही न बोलता बादल्या घेऊन चार घरं फिरले. परत आले तेव्हा तिच्याकडे त्यांनी पाहिलं, आणि त्या पाहण्यात जे यायला लागलं होतं ते येण्याआधीच आई मध्ये पडली, “लहान आहे हो.” वडिलांची नजर विझली. तिला आठवत होतं ते हे, की सुटल्याचा आनंद झालाच नव्हता. काहीतरी तिचं हक्काचं, तिच्यापर्यंत येता येता कुणीतरी वाटेतच काढून घेतलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत ती लहानच होती. नियम होता, तांत्रिक बाब होती, दमली होती, पाऊस नव्हता. ताटावरून ती उठली. “कुणीतरी मला बोला ना,” ती म्हणाली, इतक्या हळू की आईला वाटलं, पाणी मागतेय, आणि तिनं चाचपडत तांब्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दवाखान्यात गेली. हाडांच्या वॉर्डात दोन्हीकडे खाटा, औषधाचा आणि गादीचा मिळून एक आंबट वास, आणि जागोजागी दोरीला लटकणारी वजनं. खुब्याचं हाड मोडलंय, चालता येईल असं डॉक्टर सांगत नाहीत, असं म्हणत नर्सनं बोट केलं त्या खिडकीपाशी एक वाळका माणूस पडला होता. पाय ताणून बांधलेला, पायाच्या पलीकडे वाळूची पिशवी लोंबत होती. त्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून तिनं एक दांडगा, मिशीवाला माणूस मनात धरला होता. हा तर चिमणीएवढा. खाटेच्या कडेला एक बाई स्टुलावर बसून वाटीतली पेज ढवळत होती.

“मी सोमवारी फोन करते, ती,” नोंदबाई म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला, हे तिला सगळ्यात जड गेलं. “आवाज ओळखला,” तो म्हणाला. “तुम्ही एवढ्या बारीक असाल असं वाटलं नव्हतं. फोनवर आवाज जाड वाटायचा. अगं, स्टूल दे त्यांना. चहा मिळतो खाली.”

बायको उठली नाही. नोंदबाई उभीच राहिली.

“तुमच्या वस्तीपुढं मी सात आठवडे ‘मागील आठवड्याप्रमाणे’ लिहिलं,” ती म्हणाली. वाटेत ठरवून आली होती, की आधी हे, मग बाकीचं काय ते.

“म्हणजे?”

“म्हणजे साडेचार हात.”

त्यानं आठवून पाहिलं. “साडेचार मीच सांगितलं होतं. बरोबर होतं ते.”

“त्या दिवशी बरोबर होतं. नंतर तुम्ही फोन उचलला नाहीत. मी चार घंटा वाजवायचे आणि साडेचार लिहायचे. म्हणून तुम्ही पिवळ्यात राहिलात. म्हणून टँकर आला नाही.”

पंपवाला छताकडे बघत म्हणाला, “तुम्हाला तरी काय स्वप्न पडणार होतं बाई? जागेवर मीच नव्हतो. चालायचंच. तुमचा काय दोष.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यानंसुद्धा? ज्याचं खुब्याचं हाड मोडलंय, ज्याला डॉक्टर चालता येईल असं सांगत नाहीत, तोही तिला चहा पाजून, पाठीवर हात फिरवून परत पाठवणार? “दोष आहे,” ती म्हणाली, आवाज चढला, पलीकडच्या दोन खाटांवरची माणसं बघायला लागली. “तुम्ही दोर सोडून मोजून सांगायचात. शिळं सांगत नाही म्हणायचात. मी सात आठवडे शिळं लिहिलं. मला दोष नाही असं म्हणू नका.”

“म्हणत नाहीच मी,” बायको म्हणाली. वाटी तिनं फरशीवर ठेवली. “ते म्हणतात. त्यांना तेवढंच येतं.” मग नवऱ्याकडे वळून, “तुम्ही गप्प पडा जरा. मला बोलू द्या.” तो डोळे मिटून गप्प पडला. “पाणी तळाला गेलं तेव्हा पहिले दोन सोमवार हे फोनपाशी जाऊन बसले होते. तुमचा फोन अकराला यायचा. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. खणायची पाळी सोडून बसलेत म्हणून लोक बोलले. मग गेले खणायला.”

“मी जेवणानंतर करायला लागले होते. आईचे डोळे...” नोंदबाई मध्येच थांबली.

“असतील डोळे. आमच्याही घरात म्हातारी आहे.” तिनं एवढंच म्हटलं आणि पुढे गेली. “मग हे उपकार्यालयात गेले, टँकर द्या म्हणून. त्यांनी तुमचं पत्रक काढून दाखवलं. साडेचार हात. म्हणाले, तुमच्याच माणसानं सांगितलेला आकडा आहे, फोनवर, दर आठवड्याला. दोन जण सोबत होते, त्यांनी वस्तीत येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून कुणी यांच्याशी बोलेना. आपली नोकरी टिकावी म्हणून पंपवाला वर खोटं सांगतो, असं. माझ्या सख्ख्या दिरानं तोंडावर विचारलं, किती मिळाले? त्या दिवशी विहिरीत उतरायची पाळी यांची नव्हती. वय नाही त्यांचं शिडी उतरायचं. पण उतरले. मी खोटा नाही, हे दाखवायला उतरले.”

पंपवाल्याचे डोळे मिटलेलेच होते. पापण्या हलत होत्या. हे नोंदबाईला ठाऊक नव्हतं. चौतीस कुलपं ठाऊक होती, मोडलेलं हाड ठाऊक होतं; पण ज्या एका माणसानं पाव हाताची लबाडी केली नव्हती, त्याच्या तोंडात तिनं सात वेळा खोटा आकडा घातला होता, आणि तो त्याच्याच लोकांसमोर त्याच्या तोंडातून बाहेर आला होता, हे नवीन होतं. साहेब, रंगारी, संगणक, आई, सगळे एकदम मागे कुठेतरी गेले. तिच्या आत कालपासून जे इकडेतिकडे धावत होतं ते एका जागी येऊन उभं राहिलं.

“मला कागद पाहिजे,” बायको म्हणाली. “लिहून द्या. की या सात आठवड्यांत यांनी आकडा सांगितला नव्हता. की तुम्ही विचारलंच नव्हतं. की तो आकडा तुम्ही तुमच्या मनानं लिहिला.”

“मनानं नाही, नियम...” एवढं नोंदबाईच्या तोंडून निघून गेलं.

बायकोनं रिकामा हात पुढे केला.

“देते,” नोंदबाई म्हणाली.

कागद नर्सकडून मागून आणला, मागच्या बाजूला कुणाच्या तरी तापाचे आकडे होते. खाटेच्या लोखंडी कठड्यावर पर्स ठेवून तिनं उभ्यानं लिहिलं. आधी खात्याच्या भाषेत सुरू झालं, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ते तिनं खोडलं आणि साधं लिहिलं: मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. फोन वाजत राहिला आणि साडेचार हात मी लिहिलं. सातही तारखा घातल्या. बायकोनं ते दोनदा वाचायला लावलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं, पलीकडच्या खाटांना ऐकू जाईल असं.

पुढे त्या कागदाचं बरंच झालं. तो वस्तीतल्या माणसांच्या हातांतून फिरला, सख्खा दीर दवाखान्यात येऊन खाटेशी मान खाली घालून बसला आणि बायकोनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. कागद अर्जाला जोडला गेला, सात आठवडे लाल धरले गेले, टँकर सुरू झाला आणि चौतिसातली एकोणीस कुलपं उघडली. पंधरा उघडली नाहीत. पंपवाला काठीनं खोलीभर चालतो, विहिरीपर्यंत नाही. चौकशी बसली तेव्हा साहेबांनी मऊ आवाजात सांगितलं की हा शेरा मुळात नोंदबाईंनीच सुचवला होता, आणि ते खरं होतं. तिला तळमजल्यावर टपालाच्या टेबलावर बसवलं. तिच्या जागी आलेल्या मुलीला रंगाऱ्यानं हळूच सांगितलं, फोन भरपूर वाजू देत जा. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी तिनं खाली सही केली, तारीख टाकली आणि कागद पुढे धरला. बायकोनं तो उजेडाकडे नेला, डोळे बारीक करून खालची ओळ पाहिली आणि परत तिच्या हातात दिला.

“ही सही आहे?”

“हो.”

“ही कुणाची पण असेल. नाव लिहा. वाचता येईल असं.”

नोंदबाईनं सहीच्या खाली नाव लिहिलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. एकेक अक्षर सुटं, काने सरळ, वेलांट्या नीट. ते तिनं सावकाश लिहिलं. बायकोनं कागद घेतला. अक्षरावर बोट ठेवत, जुळवत जुळवत, तिनं ते नाव वाचलं, आणि मग खाटेवरच्या नवऱ्याकडे बघून पुन्हा एकदा सलग म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पाठ करून ठेवल्यासारखं. नोंदबाई हात खाली सोडून ऐकत उभी राहिली. इतक्या रागानं, आणि इतकं स्वच्छ, तिचं नाव आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.